खिंडीच्या अलीकडे

आमच्या भावोजींना कारखान्यात सगळे 'चाळीस' म्हणायचे. वयाशी त्याचा काही संबंध नाही. नव्या कोऱ्या बस कारखान्यातून काढून देशाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठच्या शहरातल्या डेपोत नेऊन पोचवायच्या, हे त्यांचं काम. आणि नवी बस चाळीसच्या पुढे पळवायची नाही, हा कारखान्याचा नियम. नवं इंजिन रुळेपर्यंत त्याला ताण द्यायचा नसतो म्हणे. तसा कागदच समोरच्या काचेवर चिकटवलेला असायचा. बाकीचे ड्रायव्हर गावाबाहेर पडले की कागदाकडे कानाडोळा करायचे. भावोजी नाही. काटा एक्केचाळीसावर गेला असता तर त्यांना झोप लागली नसती.

हा चाळीस पुढे त्यांच्या अंगातच भिनला. स्वतःच्या स्कूटरवरही तेच. सायकलवाली पोरं त्यांना मागे टाकून जायची आणि वळून हसायची. माझ्या लग्नाला ते सगळ्यात शेवटी पोचले. फोटो काढून झाले होते, त्यांच्यासाठी आम्ही पुन्हा एकदा रांगेत उभे राहिलो. मी चिडून म्हटलं, "भावोजी, माझ्या मुलाच्या लग्नाला यायचं असेल तर आजच निघा." ते नुसते हसले. त्यांना राग येत नाही, हा त्यांच्यातला सगळ्यात मोठा दोष. ज्याला राग येत नाही त्याच्याशी माणसाने भांडायचं तरी कसं?

मी भांडखोर आहे, हे इथेच सांगून टाकते. माझं जुने कपडे दुरुस्त करून द्यायचं छोटं दुकान आहे. उसवलेलं शिवायचं, सैल झालेलं आत घ्यायचं, कोपरावर विरलं असेल तर आतून ठिगळ लावायचं. दिवसभर लोकांचे जीर्ण कपडे बघून माझी जीभ धारदार झाली असं माझा नवरा म्हणतो. तो फार मऊ माणूस आहे, त्याला तसं वाटणारच.

ताई, भावोजींची बायको, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझी वेणीफणी तिनेच केली, म्हणून मी तिच्या बाबतीत जरा जास्तच हळवी आहे. ती एका शाळेच्या उपाहारगृहात स्वयंपाक करायची. मोठमोठी पातेली, वाफेने ओघळणाऱ्या भिंती, आणि हात पोचणार नाही इतक्या उंचीवर एकच खिडकी. मूलबाळ झालं नाही. दोघांनी त्याबद्दल कधी कुरकुर केलेली मी ऐकली नाही, आणि मीही कधी खोदून विचारलं नाही.

त्यांच्या घरात करमणूक एकच होती. भावोजी बस पोचवून परत आले की आंघोळ करायचे, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचे आणि ताईला रस्ता सांगायचे.

हा रस्ता म्हणजे जुना हायवे. चाळीसने जाणाऱ्या गाडीला मोठ्या हायवेवर मज्जावच होता, त्यामुळे कारखान्याच्या बस जुन्या रस्त्याने, गावागावांतून, रमतगमत जायच्या. परत येताना भावोजी रात्रीच्या जलद गाडीने यायचे, पडदे ओढून, झोपून. म्हणजे तो रस्ता त्यांनी आयुष्यभर एकाच दिशेने बघितला. पहिल्या दिवशी कालवा, दोन्ही काठांना उंच झाडं, मग सूर्यफुलांची शेतं, मग एका कमानीचा दगडी पूल. दुसऱ्या दिवशी तांबडं उजाड माळरान, मेंढरं आणि वारा, आणि मग घाट. घाटाच्या माथ्यावर खिंड. तिसऱ्या दिवशी देवदारांचं जंगल, निळं तळं आणि शेवटी समुद्र. खिंडीबद्दल सांगताना ते स्टुलावरून उठून उभे राहायचे. "इकडे मान केली की सगळं तांबडं, करपलेलं. तिकडे मान केली की हिरवंगार. मध्ये आपण. एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे."

मी कित्येकदा तिथे बसलेली असायचे. सांगण्यात फरक असायचा तो एवढाच, की या खेपेला फुलं आली होती की नव्हती, तळ्यावर धुकं होतं की नव्हतं. मला जांभया यायच्या. ताईला म्हणायचे, "तुला कंटाळा नाही येत?" ती हातातलं काम न थांबवता म्हणायची, "गप गं. आता तळं यायचंय."

तिला जायचं असायचं, हे उघडच होतं. पण कारखान्याचा दुसरा नियम होता: पोचवायच्या बसमध्ये ड्रायव्हरशिवाय चिटपाखरू नको. सीटांवर प्लॅस्टिक असायचं, ते चुरगळलेलं दिसलं तर डेपोवाले गाडी ताब्यात घ्यायला खळखळ करायचे. एकदा ताई म्हणाली, "मी सीटवर बसणारच नाही. खाली पायरीवर बसेन, चटई टाकून." भावोजींनी तिच्याकडे बघितलं, मनापासून वाईट वाटलं त्यांना, आणि म्हणाले, "नियम आहे गं." चाळीस-पन्नास माणसांची बस रिकामी घेऊन हा माणूस वर्षानुवर्षं त्या रस्त्याने गेला, आणि बायकोला तिच्या पायरीवरसुद्धा बसवलं नाही. त्या दिवशी मी त्यांना नाही नाही ते बोलले. ते म्हणाले, "रिटायर झालो की तिला घेऊन जाणार आहे. आरामात."

ते रिटायर झाले. मग छत गळत होतं ते झालं, मग ताईच्या शाळेत माणसं कमी होती म्हणून तिला सुट्टी मिळेना, मग थंडी आली. जायचं तर आरामातच जायचं, म्हणून घाई कुणालाच नव्हती.

ताईच्या अंगावरचं मांस कमी होतंय हे सगळ्यात आधी मला कळलं. ती तिचे झगे माझ्याकडे आत घ्यायला आणायची. एकदा घेतले, महिन्याभराने पुन्हा घेतले. तिसऱ्या वेळी मी कात्री खाली ठेवली आणि तिला म्हटलं, "आता मी हे शिवणार नाही. आधी डॉक्टरकडे चल." भावोजींना मी विचारलं, "तुम्हाला दिसत नाही का ही?" ते गोंधळून म्हणाले, "बारीक झालीये जरा. बरी दिसते की."

पोटात गाठ होती आणि ती पसरलेली होती. डॉक्टर तरुण होती, बोलायला नीट होती. तिने सांगितलं की आता औषधांनी त्रासच वाढेल. घरी राहू द्या, आवडतं ते करू द्या, दुखेल तेव्हा या गोळ्या द्या. ताईने डोळ्यांतून पाण्याचा टिपूसही काढला नाही. घरी आल्यावर तिने गोळ्यांची पिशवी कपाटात ठेवली आणि म्हणाली, "मला तो रस्ता बघायचाय. खिंडीत उभं राहून दोन्हीकडे बघायचंय. समुद्रापर्यंत पोचलो नाही तरी चालेल. खिंडीपर्यंत न्या."

एवढंच तिचं मागणं होतं. आयुष्यभरात तिने नवऱ्याकडे दुसरं काही मागितलेलं मला तरी आठवत नाही.

गाडी आमची घ्यायची ठरली. माझ्या नवऱ्याची ती जुनी मोटार म्हणजे आमच्याकडचं एक आजारी माणूसच. तिला काय चालतं, काय चालत नाही, हे त्यालाच माहीत. निघायच्या दिवशी तो भावोजींना किल्ली देताना म्हणाला, "भाऊ, रोज सकाळी तेवढं पाणी जरा..." भावोजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो साडू, आयुष्य गेलं माझं गाड्यांत. तुम्ही निश्चिंत राहा." माझ्या नवऱ्याने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. वयाने मोठा साडू, त्यात जन्मभर ड्रायव्हर. त्याला गाडीतलं पाणी कोण शिकवणार? त्याच्या जागी मी असते तर शिकवलं असतं, पण मी मागच्या सीटवर उशा, गोळ्या आणि उकडलेल्या अंड्यांचा डबा लावण्यात गुंतले होते, आणि गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही.

ताई पुढे बसली. तिला नीट दिसावं म्हणून मी तिच्याखाली दोन उशा घातल्या. गावाबाहेर फाटा फुटतो तिथे सगळ्या गाड्या मोठ्या हायवेकडे वळल्या आणि आम्ही एकटेच डावीकडे जुन्या रस्त्याला लागलो.

तो पहिला दिवस फार चांगला गेला. तो तसा गेला म्हणूनच मला पुढच्याचा इतका राग येतो. कालवा आला, झाडं आली. त्यांची सावली काचेवरून सरकत होती आणि ताई मान इकडून तिकडे करत होती. भावोजी यजमानासारखे बोलत होते. "आता उतार लागेल. उतार संपला की..." "पवनचक्की," ताई म्हणायची, "पांढरी. एक पातं मोडलेलं." आणि खरंच पवनचक्की यायची, एक पातं मोडलेली. तिने टाळी वाजवली. सूर्यफुलांपाशी तर तिने त्यांनाच पकडलं. "अहो, तुम्ही म्हणाला होता शेतं पुलाच्या आधी येतात. मग हा पूल?" भावोजी म्हणाले, "हा दुसरा. छोटा." "याचं कधी बोलला नाहीत." "राहिला असेल." "आणखी काय काय राहिलंय कोण जाणे," ती म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो.

गाडी अर्थातच चाळीसने. मागून येणारा प्रत्येक जण भोंगा वाजवत पुढे जायचा. मी दोनदा म्हटलं, "भावोजी, जरा पाय दाबा, ही काही नवी नाही." त्यांनी ऐकलं नाही. ताईच म्हणाली, "असू दे गं. मला असंच बघायचंय." दगडी पुलाजवळ आम्ही थांबलो. तिने अर्धं अंडं खाल्लं, पाण्यात पाय सोडले. पाय इतके बारीक झाले होते की मी दुसरीकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या ठिकाणाहून निघताना भावोजींनी गाडीची काच पुसली, आरसा पुसला, टायरना हात लावून बघितला. नव्या बसचं ते इतकंच करत असत, कारण नव्या बसला दुसरं काही लागतच नाही. बॉनेट त्यांनी उघडलं नाही. आणि आम्ही त्या तांबड्या माळरानात शिरलो.

माळरान मला मुळीच आवडलं नाही. मैलोन्‌मैल झाड नाही, नुसते दगड, आणि वाऱ्याने गाडी हलायची. ताईला मात्र तेही हवं होतं. तिला रात्री दुखलं होतं आणि चेहरा उतरला होता, पण डोळे मिटायला तयार नव्हती. "हे कोरडं बघितलं नाही तर पलीकडचं हिरवं कसं कळणार," ती म्हणाली. दुपारी समोर डोंगर दिसायला लागले. घाट सुरू झाला तशी ती सीटवर पुढे सरकून, दोन्ही हात समोर टेकवून बसली.

अर्ध्याच्या वर चढल्यावर मला वास आला. तापलेल्या रबराचा.

"भावोजी, कसला तरी वास येतोय."

त्यांनी खाली बघितलं. "गाडी थंड आहे. तापमानाचा काटा जागच्या जागी आहे. खाली उतरणाऱ्या एखाद्या ट्रकचे ब्रेक तापले असतील."

"कुठला काटा?" मी म्हटलं. "तो? तो तर केव्हाचा मेलाय!"

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. "मेलाय म्हणजे?" त्यांनी विचारलं. मला काय म्हणायचंय तेच त्यांना समजेना. काटा बंद पडलेला असू शकतो आणि तरी लोक ती गाडी वर्षानुवर्षं चालवतात, ही गोष्ट त्या माणसाने ऐकलेलीच नव्हती. आमच्या घरी ती सगळ्यांना ठाऊक होती, आणि इतकी ठाऊक होती की कुणी कुणाला सांगत नसे. तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि धावत पुढे गेले. मी ताईला खाली उतरवून दगडावर बसवत होते, तिच्या अंगावर शाल घालत होते. त्यांनी पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन उचललेला मी बघितला, आणि त्यांनी तो तापलेल्या इंजिनावर रिकामा करेपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. माझा नवरा अशा वेळी इंजिन निवेपर्यंत अर्धा अर्धा तास बॉनेट उघडून शीळ घालत उभा राहतो. आतून टणकन आवाज आला. ताईनेही तो ऐकला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," भावोजी म्हणाले. त्यांनी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. मग ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

ताईने वर बघितलं. रस्ता वळणं घेत वर जात होता आणि वरच्या अंगाला, दोन कड्यांच्या मध्ये, आकाशाचा एक तुकडा दिसत होता. "तीच ना खिंड?" तिने विचारलं. भावोजींनी मान हलवली. "किती वळणं?" "तीन. चार असतील."

ती उठली आणि चालायला लागली. मी तिचा दंड धरला. पहिल्या वळणाच्या निम्म्यापर्यंतही आम्ही गेलो नाही. ती वाकली आणि रस्त्याच्या कडेला खाली बसली. मग भावोजी आले, तिच्यासमोर पाठ करून उकिडवे बसले. "ये." तिने त्यांच्या गळ्यात हात घातले. ती आता वजनाला काहीच नव्हती, तरी चढ होता आणि त्यांचे गुडघे आयुष्यभर गाडीत दुमडलेले. ते एक वळण चढले. मी मागून चालत होते आणि मनात नुसतं 'चला, चला' म्हणत होते. दुसऱ्या वळणापाशी ताई म्हणाली, "खाली ठेवा. पोटावर दाब येतोय." ते म्हणाले, "थोडंच राहिलंय." ती म्हणाली, "खाली ठेवा हो," आणि रडायला लागली. आजाराचं कळलं तेव्हा ती रडली नव्हती.

वर जाणारी एकही गाडी आली नाही. रस्ता शांत, म्हणून तर भावोजी त्याचे एवढे गोडवे गायचे. शेवटी खाली जाणारा एक बटाट्यांचा ट्रक थांबला. मी ट्रकवाल्याला सांगितलं, आधी आम्हाला वर नेऊन सोड, मग खाली ने. तो म्हणाला, "बाई, या रस्त्यावर ट्रक वळवायला जागा कुठाय?" जागा नव्हतीच, ते मलाही दिसत होतं. ताईला पुढच्या सीटवर, त्याच्या शेजारी बसवलं. उतरताना तिचं तोंड माळरानाकडे होतं.

घाटाखालच्या गावात एक गॅरेज होतं. मिस्त्रीने आमची गाडी ओढून आणवली, बॉनेट उघडलं, बॅटरी मारून आत बघितलं.

"इंजिनचा ब्लॉक तडकलाय," तो म्हणाला. "तापलेल्यावर गार पाणी ओतलं? कुणी?"

"मी," भावोजी म्हणाले.

"काका, काय काम करता तुम्ही?"

"ड्रायव्हर. होतो."

मिस्त्री हसला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं फडक्याला हात पुसले आणि बॉनेट हळूच लावलं. वर तोच म्हणाला, "उद्या सकाळी माझ्या पिकअपने त्यांना वर नेऊन आणतो. असं कसं परत जायचं?" भला माणूस होता.

तो आत गेला आणि माझा तोल गेला. मी भावोजींना म्हटलं, "जन्मभर नव्या गाड्या चालवल्या तुम्ही. तीन दिवस चालवायची, किल्ली द्यायची, मोकळं व्हायचं. पुढे तिचं काय होतं, कुठे झिजते, कुठे गळते, हे कधी बघितलंत? ताईचंही तेच. ती माझ्या कात्रीला कळली आणि तुम्हाला शेजारी झोपून कळली नाही."

मी म्हटलं निदान आज तरी ते उलटून बोलतील. ते तेलकट फरशीकडे बघत म्हणाले, "खरंय तुझं." एवढंच. अशा माणसाचं करायचं काय?

त्या गावात जी खोली मिळाली तिची खिडकी एका गोदामाच्या भिंतीसमोर उघडत होती. हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल इतकी जवळ. सकाळी मिस्त्रीची पिकअप दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा ताई तापाने फणफणली होती. तिला उठवून बसवलं तर मान खांद्यावर पडत होती. मिस्त्री दारात टोपी हातात घेऊन थांबला आणि मग म्हणाला, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशीही तेच झालं. गावातल्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की हिला आता हलवायचं तर घरीच हलवा, लवकर.

मधे एकदा ताईला जरा शुद्ध होती. तिने खिडकीकडे बघत विचारलं, "वर आत्ता ऊन असेल?" भावोजी म्हणाले, "असेल." ती मला म्हणाली, "तू तरी जाऊन ये त्या मिस्त्रीबरोबर. बघून ये." मी गेले नाही. तिने न बघितलेलं मी बघायचं, हे माझ्या गळी उतरेना. त्या खिंडीचा मला इतका संताप आला होता की ती समोर आली असती तर मी डोळे मिटून घेतले असते.

अँब्युलन्स तिसऱ्या दिवशी आली. गावातून एक जोडरस्ता सरळ मोठ्या हायवेला जाऊन मिळत होता. ताईला आडवं केलं, पट्टे लावले. मी एका बाजूला बसले, भावोजी दुसऱ्या बाजूला. काचांना दुधी रंग होता, बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. हायवेला लागल्यावर गाडीने वेग घेतला. तो अंगाला कळत होता. भावोजींचा उजवा पाय खाली पत्र्यावर सारखा दाबला जात होता, नसलेल्या ब्रेकवर. थोड्या वेळाने त्यांनी मधली फळी सरकवून ड्रायव्हरला विचारलं, "जरा हळू घेता का?"

"काका, पेशंट आहे ना आत?" तो म्हणाला. "हळू कसं घेऊ?"

त्यांनी फळी लावून घेतली. जो रस्ता येताना दोन दिवस पुरला, तेवढं अंतर आम्ही दुपारच्या आत मागे टाकणार होतो. ताई जागी होती. डोळे छताकडे होते. त्यांनी तिचा हात हातात घेतला, खाकरले, आणि सांगायला सुरुवात केली.

"शेवटचं वळण डावीकडे आहे," ते म्हणाले. "तिथे एक पाण्याची टाकी आहे. मग एकदम वारा लागतो. गाडी थांबवायची, उतरायचं. इकडे मान केली की..."

स्वयंपाकघरातला तोच आवाज होता. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी. मी ताईकडे बघितलं. तिने नको म्हणून डोकं हलवलं. त्यांच्या लक्षात आलं नाही. ते बोलतच राहिले, जंगलापर्यंत पोचले. तेव्हा तिने आपला हात त्यांच्या हातातून सोडवून घेतला.

"पुरे हो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "ऐकून ऐकून पाठ झालाय मला तो. मला बघायचा होता."

भावोजींची गोष्ट तळ्यापर्यंत पोचलीच नाही. ताई त्यानंतर तीन आठवडे होती. तिला भरवलं त्यांनीच, पुसलं त्यांनीच, पण त्या दोघांमध्ये बोलायचं जे एक होतं ते गेलं होतं, आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं.